खोक्यातली रायफल

कल्याणकडून माळशेज घाट चढून आलं की मढ मागे पडतं आणि ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागतं. गाडीच्या खिडकीतून दिसतात ते कांद्याचे वाफे, उसाचे फड आणि टोमॅटोचे मांडव. या गावात माझे एक जुने सहकारी राहतात. आम्ही वीस-बावीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं. ते गणित शिकवायचे, मी इतिहास, आणि इतिहासाबरोबर शाळेची एनसीसीही माझ्याच गळ्यात होती. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. वडील नव्वदी ओलांडून गेले होते, दिवसकार्य नुकतंच आटोपलं होतं.

"सर, पोटमाळ्यावरून ती रायफल काढलीय. तुम्ही एकदा येऊन बघा आणि सांगा, ठेवायची की देऊन टाकायची?"

घरात रायफल आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती साठ-पासष्ट वर्षांनंतरही दुकानातून आली त्याच खोक्यात राहते आहे, हे मात्र घरच्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ओसरीवर खोकं ठेवलेलं होतं. तपकिरी पुठ्ठ्याचं, लांबट, कोपरे झिजलेले आणि मधोमध सुतळीचे दोन वेढे. झाकणावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र. बीएसए म्हटलं की आपल्या पिढीला सायकल आठवते, पण ही कंपनी मुळात बंदुकांची. बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी १८६१ मध्ये ती उभी केली, सायकली आणि मोटारसायकली नंतर आल्या. ती बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आणि तिचं हे तीन बंदुकांचं चिन्ह. आत तेल पिऊन काळपट झालेला कागद, इंग्रजीत छापलेलं वापराच्या सूचनांचं पान, मुंबईच्या दुकानाची घडी पडलेली पावती, आणि त्या सगळ्याखाली रायफल. पाच गोळ्यांच्या मॅगझिनची, बोल्ट ओढून चालवायची, पॉइंट टू-टू.

नातू कॉलेजात शिकणारा. त्यानं ती उचलून बोल्ट मागे ओढला आणि चाप दाबायला बोट नेलं. मी त्याला थांबवलं. एकतर हत्यार रिकामं आहे असं आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चापाकडे बोट न्यायचंच नाही. आणि दुसरं कारण या जातीच्या रायफलीपुरतं आहे, ते जरा समजून घेण्यासारखं आहे.

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. रायफलीची पिन त्या टोपीवर आदळली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी वेगळी टोपी नसते. त्याच्या बुडाची कड आतून पोकळ असते आणि ठिणगीचा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. पिन मधोमध न बसता कडेवर बसते. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात, रिम म्हणजे कड. काडतूस आत नसताना चाप दाबला, तर जुन्या रायफलीत ती पिन थेट नळीच्या काठावर आदळते. असं वारंवार झालं की काठाला खाच पडते, आणि मग बार उडेनासा होतो. ही कड पातळ पत्र्याचीच असावी लागते, त्यामुळे या काडतुसात फार जोराची दारू भरता येत नाही. झालेलं काडतूस पुन्हा भरताही येत नाही. पण ते बनवायला स्वस्त पडतं आणि चालवताना खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही. गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते. म्हणून तिला कुणी खेळणं समजू नये. काडतुसांच्या डब्यांवर एक मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असे.

फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिरानं १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात बसून नेमबाजी करता येईल अशी इवलीशी काडतुसं केली. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी त्यावरून पॉइंट टू-टूचं काडतूस आणि त्याचं रिव्हॉल्व्हर विकायला काढलं ते १८५७ साली. हे साल आपल्याला वेगळ्याच काडतुसासाठी पाठ असतं. ज्या वर्षी आपल्याकडे चरबी लावलेली कागदी काडतुसं दातांनी तोडायला लागू नयेत म्हणून शिपाई उठले, त्याच वर्षी तिकडे धातूचं, दाताला न लागणारं काडतूस बाजारात आलं होतं. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मुलं जरा जागी व्हायची. आज जगभर चालतं ते 'लाँग रायफल' जातीचं पॉइंट टू-टू काडतूस १८८७ चं.

अमेरिकेत पुढे या रायफली पोरासोरांच्या झाल्या. विंचेस्टर, स्टीव्हन्स अशा कंपन्या मुलांसाठी म्हणून लहान दस्त्याच्या रायफली काढत. माल-यादीत चित्र बघायचं, पत्र आणि पैसे पाठवायचे, की टपालाने खोकं घरपोच. ही टपालाची विक्री तिथे १९६८ च्या कायद्यापर्यंत चालू होती. त्यामुळेच तिकडे 'मूळ खोक्यासह जुनी रायफल' हा संग्राहकांचा एक मोठा विषय आहे. रायफली लाखांनी विकल्या गेल्या, पण खोकी पोरांनी पहिल्याच दिवशी फाडली. म्हणून खोकं दुर्मीळ, आणि म्हणून महाग. झाकणावरचा शिक्का त्याच काळातला आहे का, कडेच्या चिठ्ठीवरचं मॉडेल आतल्या रायफलीशी जुळतं का, क्रमांक लिहिलेला असेल तर तोही जुळतो का, हे बारकाईनं पाहतात. आता नवी छापून जुनी भासवलेली खोकीही मिळतात. हळदीकुंकवाच्या करंड्यापेक्षा त्याच्या डबीला भाव यावा, तसा हा प्रकार.

इंग्लंडमधली गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीनं इंग्रज सैन्य हैराण झालं. मग तिकडे अशी हवा झाली की गावोगावच्या साध्या माणसालाही नेमबाजी यायला हवी. छोट्या रायफलींचे क्लब निघाले, कारखान्यांच्या आणि चर्चच्या आवारांत पॉइंट टू-टूचे बार वाजू लागले. बीएसएनेही त्यासाठी रायफली काढल्या. या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते होते लॉर्ड रॉबर्ट्स. हे तेच रॉबर्ट्स, जे १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते.

आणि ज्या देशाचे ते सरसेनापती होते तिथे काय होतं? तिथे १८७८ चा हत्यारांचा कायदा होता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला त्याच वर्षी तो झाला. परवान्याशिवाय हिंदी माणसानं बंदूक बाळगायची नाही. युरोपियनाला मात्र परवान्यातून सूट. हा वर्णभेद पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले तेव्हा गेला, परवाना राहिला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीही १९१८ मध्ये या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती, हे अनेकांना ठाऊक नसतं.

हा कायदा काही एकट्या जुन्नरसाठी केलेला नव्हता. पण जुन्नर, आंबेगाव, अकोले या डोंगरपट्ट्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. होन्या केंगल्याचं बंड १८७६ मध्ये मोडलं. त्याच्या आदल्या वर्षी सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे आणि नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके. चौतीस वर्षं शिकवून माझं मत असं झालंय की त्या काळच्या कुणब्याला आणि कोळ्याला दोन गोष्टींची खरी धास्ती होती, एक बंदूक आणि दुसरा कागद. इंग्रजांनी हत्यारांच्या कायद्यात त्या दोन्ही एकत्र बांधल्या. बंदूक म्हणजे यापुढे बंदूक नव्हे, तर बंदुकीचा कागद. पाटील, इनामदार, सरकारशी इमान राखणारे यांना तो मिळे, आणि ज्याच्या घरात तो असे त्याचा गावात दबदबा असे. ठासणीची बंदूक का असेना, तिचा परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता डिंगोऱ्याच्या ओसरीवर परत येऊ. खोक्याबरोबर फडताळातून परवान्याचं पुस्तकही काढलं होतं. पहिलं पुस्तक मुंबई राज्याच्या काळातलं. त्यावर कायद्याचं साल होतं १८७८! स्वातंत्र्य मिळून दशक उलटत आलं तरी जुन्नर तालुक्यातल्या एका बागाईतदाराला रायफल मिळत होती ती लिटनच्या कायद्याखाली. आपला स्वतःचा हत्यार कायदा १९५९ चा, आणि तो प्रत्यक्ष लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. तेव्हा या वडिलांनी मुंबईला जाऊन खोकं आणलं, ते एक वस्तू विकत घेण्यासारखं मुळीच नव्हतं. अर्ज, तलाठ्याचा आणि पोलिसांचा अहवाल, जिल्ह्याच्या कचेरीतल्या खेपा, आणि मग दुकान. अमेरिकेतलं पोरगं खोकं फाडून बागेत पळालं असेल. इथे खोकं जपणं भागच होतं. ते अंगावर कागद वागवणाऱ्या वस्तूचं वेष्टण होतं.

वडिलांनी ते किती वापरलं? सुरुवातीला तितर आणि ससे. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली, आणि रायफल पोटमाळ्यावर गेली. तरी दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का चुकला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली.

खोकं उलटून पाहिलं तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या ओळी दिसल्या. तारीख, मग 'जमा', पुढे तारीख, मग 'परत'. एकाखाली एक. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि निकालानंतर ते परत मिळतं. वडिलांनी प्रत्येक खेप झाकणावर टिपली होती. १९८४, १९८९, १९९१, १९९६, मग लागोपाठ १९९८ आणि १९९९. मध्ये मध्ये विधानसभा. देशातली सरकारं किती झपाट्यानं पडत होती याचा तो आलेख झाला होता. हे खोकं मांडीवर आडवं धरून ते एसटीनं ओतूरला जायचे आणि कंडक्टर खोक्याचंही तिकीट काढू का विचारायचा, असं घरच्यांनी हसत सांगितलं. विलायतेतला संग्राहक हे झाकण पाहून हळहळला असता. पेन्सिलीनं रेघोट्या मारलेलं खोकं म्हणजे किंमत कमी! मला तर त्या ओळींपुढे ते तीन बंदुकांचं चित्र फिकं वाटलं.

पण त्या दिवशी माझ्यापुढे आधी दुसराच प्रश्न होता. मी विचारलं, "वडील गेल्याचं ठाण्यात कळवलंत का?"

कळवलं नव्हतं. दुःखाच्या घरात कुणाला सुचणार? पण परवानाधारक गेला की परवानाही त्याच्याबरोबर जातो, आणि घरातलं हत्यार त्या क्षणापासून विनापरवाना ठरतं. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जमा केलं की वारसाचा हक्क संपत नाही, उलट टिकतो. हे न कळल्यामुळे सज्जन माणसं अडचणीत येतात.

ओसरीवर सल्ले पुष्कळ होते. एक भाऊबंद म्हणाले, ही आता ॲन्टिक झाली, हिला कसला परवाना, राहू द्या तशीच. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. चालणारी रायफल साठ वर्षांची असो की शंभर, ती रायफलच. दुसरे म्हणाले, ठेवा, बिबट्या येतो. जुन्नर तालुक्यात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र उगाच झालेलं नाही. पण अडीच ग्रॅमच्या गोळीनं बिबट्या मरत नाही, जखमी होतो, आणि उसात शिरलेला जखमी बिबट्या काय करतो ते सांगायला नको. शिवाय तो कायद्यानं पूर्ण संरक्षित. तिसरा सल्ला विकण्याचा. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य माणसाला परदेशी हत्यारं आयात करणं जवळपास बंद झालं, त्यामुळे देशात आधीच आलेल्या जुन्या विलायती रायफलींना परवानाधारकांत चांगला भाव येतो. कुणीतरी एक आकडाही आणला होता. नातवाचे डोळे त्या आकड्यावर होते, आणि खोटं कशाला बोला, आकडा लहान नव्हता.

माझे मित्र गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी एनसीसीत हीच चालवली होती ना?"

हीच नव्हे, पण हिचीच जात. १९४८ च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या लाखो मुलामुलींनी आयुष्यातला पहिला बार पॉइंट टू-टूनेच काढला. जमिनीवर पालथं पडायचं, पंचवीस यार्डांवरचा कागद, पाच गोळ्या, आणि पाचही छिद्रं किती जवळ पडली ते बघायचं. मी मुलांना रेंजवर नेत असे तेव्हा घरून कधी काठीही न उचललेली मुलगी पाटलाच्या पोरापेक्षा चांगला गट काढायची. याच जातीच्या रायफलीनं २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. आणि पुढे २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं, तेही पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे रिमफायरनेच. एका शिक्षकाच्या मुलानं. लिटनच्या कायद्यानं जी गोष्ट वाड्यांपुरती ठेवली होती ती अशी खेळाच्या मैदानातून बाहेर आली. अर्थात खेळाडूलाही परवाना लागतोच.

शेवटी मित्रांनी ठरवलं की वारस म्हणून स्वतः अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. खरं तर परवानाधारक सत्तरीपुढे गेला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयातीतच ते वारसाच्या नावावर करू शकतो. ही सोय वडिलांना दोन्ही अंगांनी लागू होती, कुणी सांगितली नाही. माझ्या श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी असं वृद्ध माणूस आणि असं हत्यार असेल तर त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे रायफल घेऊन ठाण्यात गेलो. पावतीवर मेक, बोअर, क्रमांक सगळं नीट लिहून घेतलं. खोक्याचा रकाना पावतीत नव्हता. "खोकं घेऊन जा, इथे उंदीर कुरतडतील," असं अंमलदार म्हणाले. ते रिकामं खोकं घेऊन आम्ही एसटीनं परत आलो. वारस दाखला, भावाबहिणींची ना हरकत, शारीरिक पात्रतेचा दाखला, पोलीस अहवाल, जिल्हाधिकारी कचेरी असं करत परवाना हातात पडायला दीड वर्षाहून अधिक गेलं.

रायफल परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी गंजाची बारीक पुळी धरली होती. तेल आणि चिंधीनं ती निघाली. मी त्यांना सांगितलं की आता खोक्यात ठेवू नका. संग्राहकांचा जीव ज्या पुठ्ठ्यात असतो तो पुठ्ठा ओल धरतो, आणि माळशेजच्या तोंडाशी चार महिने हवेत पाणीच असतं. वडील दर अमावास्येला कागद बदलून तेलाचा हात फिरवायचे, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. आता ती कुलपाच्या लोखंडी कपाटात असते. खोकं वेगळं, वरच्या फळीवर. झाकणाच्या आत पेन्सिलीच्या ओळींखाली मित्रांनी बॉलपेनानं लिहायला सुरुवात केली आहे. २०२४ च्या दोन ओळी त्यात आहेत, एक लोकसभेची आणि एक विधानसभेची, आणि खाली अजून वीतभर जागा आहे.